हवा कोरडी राहील

कार्तिकातलं निरभ्र आभाळ मला आवडत नाही. दिवाळी होऊन गेलेली असते, ज्वारीच्या कणसांत दाणा भरत असतो, कापसाची पहिली बोंडं उमलायला लागलेली असतात. सकाळी अंगणात पाऊल टाकलं की जमीन गार लागते आणि दुपारी त्याच अंगणात उभं राहवत नाही. नवापूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या मारवाडी भाभी या दिवसांत घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात काढतात आणि कमरेवर हात ठेवून म्हणतात, "आता काही पाऊस येत नाही बघा." मी हो म्हणते. मग त्या आत गेल्या की पुन्हा एकदा वर बघते.

लढाई संपून आता तीन वर्षं होत आली. पोस्टाच्या दाराशी हवेचा कागद पुन्हा रोज लागायला लागला आहे. सुरतेकडे जाणारे व्यापारी गाडीची वेळ व्हायची असली तर त्यावर नजर टाकतात, नाहीतर तेही नाही. अक्षर माझ्या नवऱ्याचंच असतं, ठसठशीत, बोरूने काढल्यासारखं. या महिन्यात त्यावर बहुतेक एकच मजकूर असतो. हवा कोरडी राहील. वारा उत्तरेचा, मंद. भाजीची पिशवी घेऊन मी तिथून जाते तेव्हा तेवढ्या दोन ओळी वाचायला माझे पाय थांबतात, आणि मला तापीतलं बेट दिसतं.

नवापूरला येण्याआधी आम्ही तापीकाठच्या एका गावी होतो. हे तिथे तारमास्तर होते. कचेरी, शाळा, दोन ओळी दुकानं, काठाने गुजरांच्या केळीच्या बागा, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत, असं ते गाव. तारघराच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. मधली भिंत इतकी पातळ की यंत्राची कटकट मला चुलीपाशी ऐकू यायची. सकाळी दहा-साडेदहाला पुण्याहून हवेची तार येई. भात उकळायला आणि तार यायला एकच गाठ पडे. ती कटकट थोडक्यात संपली की मी समजायची, आज विशेष काही नाही. मग हे इंग्रजी मजकुराचं मराठी करून कागद बाहेरच्या फळ्यावर चिकटवत.

गावात तो कागद वाचणारे थोडे होते. पण एक माणूस रोज यायचं, ती म्हणजे बेटावरची बनाबाई भोईण. तिला वाचता येत नव्हतं. ती फळ्यासमोर उभी राहून हाक मारायची, "मास्तर, आज काय म्हनस तार?" आणि हे खिडकीतून वाचून दाखवायचे.

बेट म्हणजे नदीच्या मधोमध उघडा पडणारा गाळाचा आणि वाळूचा लांबट उंचवटा. पावसाळ्यात तो पाण्याखाली असे. दसऱ्यानंतर पाणी उतरलं की दहा-बारा भोई कुटुंबं पोराबाळांसकट, कोंबड्या-शेळ्यांसकट तिथे राहायला जात. गवताच्या झोपड्या उभ्या राहत. गाळात खड्डे करून ते डांगर, टरबूज, वांगी लावत, दोरीवर मासे वाळवत. होळीपर्यंत त्यांचा सगळा संसार त्या बेटावर. दोन्ही बाजूंनी नदी, आणि जायला-यायला एक नाव. वर सातपुड्यात कुठे पाऊस पडला तर ते बेटावर दिसत नसे, कळे ते एकदम पाणी आल्यावर. म्हणून बनाबाई रोज यायची. पलीकडे जाताना ती तो निरोप तोंडात घोळवत जायची आणि नावेत बसल्या बसल्या सासऱ्याला सांगायची. सासरा म्हणजे भिका आबा, नाव चालवणारा, वाळक्या अंगाचा, एका कानात बाळी घालणारा म्हातारा. तिने सांगितलं की तो वल्हं थांबवून पाण्यात थुंकायचा आणि म्हणायचा, "हाई त मालेबी दिखस." पण एखाद्या दिवशी ती आली नाही, तर स्वतः यायचा. फळ्याशी न येता दुरूनच विचारायचा, जसं काही सहज.

मग लढाई सुरू झाली. पहिलं वर्ष-दीड वर्ष आमच्याकडे तिचं काही जाणवलं नाही. नंतर एक दिवस हुकूम आला की हवेची खबर कुणाला सांगायची नाही, लिहायची नाही, फळ्यावर लावायची नाही. शत्रूच्या विमानांना आणि जहाजांना ती उपयोगी पडते म्हणून. तार येत राहिली, पण ती लखोट्यात बंद करून कचेरीत मामलेदारांच्या हाती द्यायची. ह्यांच्याकडून गुपित राखायची शपथ घेतली, कागदावर सही घेतली. मोडली तर नोकरी जाईल आणि तुरुंगही होईल, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. ह्यांनी तो मला वाचून दाखवला. मला तेव्हा त्यात घाबरण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बनाबाई आली. फळा रिकामा.

"मास्तर, काय म्हनस तार?"

"आता सांगता येत नाही बनाबाई."

"ऊनी नही का?"

"आली. पण सांगायची नाही असा हुकूम आहे. लढाई चालू आहे ना."

बनाबाई खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. "लढाई तथी दूर चालू शे. आमना बेटवर कोन लढाले ई ऱ्हायना?"

ह्यांनी मान खाली घातली. ती आठ-दहा दिवस येत राहिली, मग बंद झाली. भिका आबा घाटावर लोकांना सांगायचा, "आते सरकारलेच माहीत नही, आभायमा काय शे ते." लोक हसायचे. मास्तरला मोठेपणा चढला असंही कुणी कुणी म्हणायचं. हे ते ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन काही बोलायचे नाहीत.

मी कोकणातली. माझं माहेर समुद्राच्या अगदी काठाला. आश्विन-कार्तिकात पाऊस संपला असं आमच्याकडे कुणी समजत नाही. पावसाळा गेल्यावर समुद्रात जी वादळं उठतात ती पावसाळ्यातल्यांपेक्षा वाईट, हे मी लहानपणी बघितलं होतं. पण खानदेशात समुद्र कुठे? शंभर कोसांवर. इथे आल्यावर मी ते विसरून गेले होते.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवसापासून वारा पडला. झाडाचं पान हलेना. दिवसा अंगाची तलखी व्हावी असं ऊन, आणि सकाळी अंगावर घ्यावंसं वाटावं असा नेहमीचा गारवाही नाहीसा झालेला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. त्या सकाळी चुलीपाशी बसून मी तारेची कटकट ऐकत होते. ती थांबेना. भात झाला, मी आमटीला फोडणी दिली, तरी यंत्र चालूच. मग थांबलं. हे लखोटा घेऊन कचेरीकडे जाताना मला खिडकीतून दिसले. चालणं नेहमीचं नव्हतं, जवळजवळ पळतच होते.

परत आले तेव्हा पानावर बसले, पण दोन घास खाऊन हात थांबला. मी विचारलं, बरं नाही का. म्हणाले, उष्णता आहे. दुसऱ्या दिवशीही तसंच. यंत्र पुन्हा खूप वेळ वाजलं, हे पुन्हा कचेरीत गेले. तिथे काय झालं ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. मामलेदारसाहेब फिरतीवर होते, तोरणमाळला वर तंबू टाकून. घाट उतरून गावात यायला दोन दिवस लागत. कचेरीतल्या कारकुनाने आदल्या दिवशीचा लखोटा साहेबांच्या टेबलावर ठेवला होता, त्यावर हा दुसरा ठेवला. हे म्हणाले, "निदान बेटावर तरी निरोप गेला पाहिजे." कारकून म्हणाला, "मास्तर, हुकूम तुम्हालाही आलाय, मलाही. साहेब आले की बघतील." तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही घरी चार लेकरं होती.

त्या दुपारी हे घरी आले. अंगणात मी मिरच्या वाळत घातल्या होत्या. ऊन असं होतं की त्यांच्याकडे बघवत नव्हतं, लाल रंग डोळ्यांत घुसत होता. हे मिरच्यांच्या कडेने चालत आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले,

"मिरच्या आत घे."

मी हसले. "आत्ता? अजून दोन उन्हं तरी लागतील."

"आत घे."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, पायातल्या वहाणेकडे बघत होते. उत्तरेला सातपुडा इतका जवळ आणि स्पष्ट दिसत होता की त्यावरची झाडं मोजता आली असती. माझ्या माहेरी समोरचा डोंगर असा जवळ आला की म्हातारी माणसं होड्या वर ओढायला लावत.

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

त्यांनी वहाण काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "उद्या सकाळच्या आत." आणि उठता उठता, "मी तुला काही सांगितलेलं नाही."

मी मिरच्या पोत्यात भरल्या. हात आणि डोळे पेटले होते. तशीच पदर खोचून घाटावर गेले. भिका आबा नाव बांधून सावलीला बसला होता. मला बेटावर ने म्हटल्यावर त्याला नवल वाटलं, पण त्याने नेलं. मी त्याआधी कधी बेटावर गेले नव्हते. गाळ ओला, थंड, पायाखाली दबणारा. बायका ओळीने बसून खड्ड्यांत डांगराचं बी टाकत होत्या. झोपड्यांतून धूर निघत होता. कुणाची तरी तान्ही पोर दोन काठ्यांच्या झोळीत झोपली होती. बनाबाई हात धुऊन पुढे आली.

मी म्हणाले, "बनाबाई, आजच्या आज सगळे काठावर चला. मोठं पाणी येणार आहे."

सगळ्यांनी वर बघितलं. वर काही नव्हतं.

"तुले कोनी सांगं?" भिका आबाने मागून विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. नावेत बसल्यापासून मी उत्तर शोधत होते. पाच-पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. यांतल्या एकाने जरी बाजारात जाऊन सांगितलं की तारमास्तरच्या बायकोने तारेची खबर दिली, तर ह्यांच्या हातात बेड्या पडल्या असत्या. मी म्हणाले, "माझं माहेर समुद्रावर आहे. वादळ यायचं असलं की मला वास येतो."

भिका आबा मोठ्याने हसला. "समिंदरना वास? आठे? मास्तरनी, आठे मासाना वास येस, दुसरा कसाना नही."

इतरही हसले. बनाबाई हसली नाही. तिने माझ्या हातांकडे बघितलं. ते लाल झाले होते.

"मास्तर काय म्हनस?" तिने हळूच विचारलं.

"मास्तर काही म्हणत नाहीत," मी म्हणाले. "मी माझ्या मिरच्या आत घेतल्यात."

"बठ्या?"

"सगळ्या."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग वळली, आपल्या झोपडीपाशी गेली आणि छपराच्या दोऱ्या सोडायला लागली. तिचं बघून शेजारची उठली, मग तिच्या पलीकडची. पुरुष कुरकुरत होते, पण बायका एकदा सामान बांधायला लागल्या की त्यांचं चालत नाही. दुपार कलली तोवर नावेच्या खेपा सुरू झाल्या. पोरं, शेळ्या, मडकी, बियाण्याची गाठोडी. भिका आबा स्वतः वल्हवत होता आणि दर खेपेला मला टोमणा मारत होता. दिवस मावळायच्या आत शेवटची खेप भरली. तेव्हा त्याने वल्हं मुलाच्या, म्हणजे बनाबाईच्या नवऱ्याच्या हातात दिलं आणि तो बेटावर उतरला.

"आबा, चाला ना," बनाबाई म्हणाली.

"तुम्ही जा. बी टाकेल शे, पाखरं उकरी टाकतीन. मी सत्तर पावसाया देख्यात. कार्तिकमा तापीमाय कधी चढनी नही."

मी नावेत बसले होते. माझ्या आणि त्याच्या मध्ये चार हात पाणी होतं. माझ्या ओठांवर आलं होतं, तार आली आहे. तीन शब्द. मी नावेतल्या माणसांकडे बघितलं, काठावर गंमत बघायला जमलेल्या बाजारातल्या लोकांकडे बघितलं आणि गप्प राहिले. नाव सुटली. तो म्हातारा पाठ फिरवून आपल्या खड्ड्यांकडे चालत गेला.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "सगळे आले?"

"एक राहिला," मी म्हणाले. हे भिंतीला टेकून बसले, ते बसलेच.

पहाटे वारा सुटला, पूर्वेकडून. उजाडलं तेव्हा आभाळ काळं नव्हतं, पिवळसर राखाडी होतं, आणि पाऊस आडवा येत होता. ज्वारी जमिनीवर झोपली. गुजरांच्या बागेतल्या केळी एकेक करून मोडत होत्या, त्याचा आवाज घरात ऐकू येत होता. मी घाटावर गेले तर सगळं गाव तिथे होतं. नदीचा रंग गढूळ तांबडा झाला होता आणि ती बघता बघता पायऱ्या गिळत होती. बेटाचा उंचवटा निम्मा उरला होता. राखणीच्या माळ्यावर भिका आबा चढून बसला होता, एवढासा दिसत होता. बनाबाईचा नवरा नाव सोडायला धावला. तिघांनी त्याला मिठी मारून धरलं. तो शिव्या देत होता, रडत होता. नाव त्या पाण्यात दहा हातही गेली नसती.

आणि तेवढ्यात हे आले. डोक्यावर टोपी नाही, अंगात कोट नाही. गर्दीतून वाट काढत अगदी पाण्याच्या कडेला गेले आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडले, "आबा! तार आली आहे! तार आली आहे! पाणी अजून वाढणार, मोठ्या झाडावर जा!"

बेटाच्या टोकाला एक जुनं करंजाचं झाड होतं. वाऱ्याने शब्द मागे आमच्याच तोंडावर टाकले. म्हाताऱ्यापर्यंत काही पोचलं नाही. त्याने हात वर केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. हे पुन्हा पुन्हा ओरडत राहिले, घसा फाटेपर्यंत. दोन दिवस छातीत कोंडून ठेवलेली तार ते आता सगळ्या गावादेखत ओरडून सांगत होते. बनाबाई त्यांच्या बाजूलाच उभी होती. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

मग पावसाची अशी सर आली की समोरचं काही दिसेना. ती ओसरली तेव्हा माळा नव्हता. थोड्या वेळाने बेटही नव्हतं. करंज मात्र तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर जिथल्या तिथे उभा होता. भिका आबा खाली दोन कोसांवर सापडला.

त्यानंतरच्या दिवसांत ऊन पडलं, आणि सगळ्या गावाला ओल्या कापसाचा, कुजलेल्या कणसांचा वास येत होता. लोक आमच्याकडे बघून आदराने बाजूला होत. मास्तरनीला वास येतो म्हणून पन्नास माणसं वाचली, असं सांगत. काहीजणी पोरांना पाया पडायला घेऊन आल्या. मला दार लावून घ्यावंसं वाटे. आजही नवापूरला एखादं माणूस तिकडून आलं की मला निरखून बघतं आणि विचारतं, "त्याच ना तुम्ही?" मी विषय बदलते. ह्यांच्याशीही मी त्यावर कधी बोलले नाही. आम्ही दोघं पाऊस, पाणी, वारा हे शब्दच पुष्कळ दिवस टाळत होतो.

साहेब तोरणमाळहून उतरले तेव्हा त्यांना टेबलावर दोन लखोटे सापडले. बेट आदल्या दिवशीच रिकामं झालं हेही कळलं. तार फुटली की काय, याची चौकशी करणं त्यांना भाग होतं. कचेरीच्या ओसरीवर खुर्ची टाकून त्यांनी बेटावरच्या माणसांना एकेक करून विचारलं. मी आणि हे खांबापाशी उभे होतो. घाटावर ह्यांनी काय ओरडून सांगितलं ते या प्रत्येकाने आपल्या कानांनी ऐकलं होतं. पहिल्याने सांगितलं, मास्तरनीला वास आला. दुसऱ्याने तेच. तिसऱ्याने तेच. बाजारातले दोन दुकानदार होते, तेही म्हणाले, वाऱ्यात काही ऐकू आलं नाही साहेब.

शेवटी बनाबाई आली. कपाळ कोरं नव्हतं, नवरा होता तिचा, पण सासरा गेल्यापासून तिचं तोंड सुकून गेलं होतं. साहेबांनी विचारलं, "खरं सांग बाई. मास्तरांनी तारेची खबर दिली होती का?"

तिने साहेबांकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघून बोलली, सावकाश, एकेक शब्द ठेवत.

"नही साहेब. तार ऊनी असं कोनी सांगं नही. सांगं ऱ्हातं ते मन्हा सासरा बेटवर ऱ्हाता नही. तो वासले मानता नही. तारले मानता."

साहेबांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता, चेहऱ्यावर सुटका दिसत होती. मग त्यांनी मला पुढे बोलावलं.

"तुम्हाला खरोखर वास आला?"

बनाबाई अजून तिथेच उभी होती.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला, दौतीत टाक बुडवून दिला, आणि मी माझं पूर्ण नाव लिहून सही केली.